गोठ्यातला विषाणू, पाळण्यातला विषाणू : आतड्यांतल्या विषाणूंची सरमिसळ

मुळाकाठ

१९९० च्या दशकात पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून लागले. पहिल्याच हिवाळ्यात हातात काम आलं ते ढाळ लागलेल्या बाळांच्या शीचे नमुने तपासण्याचं. नमुन्यातून विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय सामान, वेगळा काढायचा, जेल नावाच्या पातळ, लिबलिबीत थराच्या खाचांत भरायचा, रात्रभर वीज सोडायची आणि सकाळी चांदीच्या क्षाराने जेल रंगवायचा. हळूहळू पिवळसर जेलवर तपकिरी आडव्या रेघा उमटत. रोटाव्हायरस असेल तर रेघा ११. वरून मोजायच्या: आधी चार, मग दोन, मग जवळजवळ चिकटलेल्या तीन, शेवटी दोन. ४-२-३-२. आम्ही ती ओळ पाढ्यासारखी म्हणायचो.

एक दिवस एका पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडून हगवण लागलेल्या वासरांचे नमुने आले. आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "वेगळा जेल कशाला? बाळांच्या शेजारीच लाव." सकाळी रंगवला तर वासरांच्या रांगेतही ४-२-३-२. काही रेघा बाळाच्या रेघेच्या अगदी समोर, काही केसभर वर, काही केसभर खाली. मी बराच वेळ तो जेल दिव्यासमोर धरून उभी होते. आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी त्या केसभर अंतराचं कुतूहल गेलेलं नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडी ओळख. मेलबर्नच्या बालरुग्णालयात रुथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यांना हा विषाणू दिसला. दिसायला गाडीच्या चाकासारखा. चाकाला लॅटिनमध्ये रोटा म्हणतात, म्हणून टॉमस फ्लुएट यांनी ते नाव सुचवलं. गंमत अशी की वासरांच्या हगवणीत तो अमेरिकेतल्या नेब्रास्कात चार वर्षं आधीच, १९६९ ला, सापडला होता. म्हणजे गोठ्यात आधी आणि पाळण्यात नंतर.

त्याचं सगळं जनुकीय सामान ११ सुट्या तुकड्यांत असतं. एका लांब दोऱ्यात ओवलेलं नाही, ११ वेगळे मणी आहेत असं समजा. जेलवरची एकेक रेघ म्हणजे एकेक तुकडा. बाहेरच्या कवचावर दोन प्रथिनं. एकावरून जी प्रकार ठरतो, दुसऱ्यावरून पी प्रकार. माणसांत नेहमी भेटणारे म्हणजे जी१पी[८], जी२पी[४], जी३पी[८], जी४पी[८], जी९पी[८] आणि अलीकडचा जी१२पी[८]. गाईगुरांत जी६, जी१० आणि पी[५], पी[११]. डुकरांत जी५, पी[६] वगैरे.

आता एकाच पेशीत एकाच वेळी दोन वेगळे रोटाव्हायरस शिरले तर? नवे कण बांधले जाताना प्रत्येक कणाला ११ मणी हवेत, पण कुठला मणी कोणाचा याचं बंधन फार सैल. दोन वाणांतून हिशेबाने २०४८ जोड्या होऊ शकतात. बहुतेक जोड्या टिकत नाहीत, पण एखादी टिकते. त्यात भर म्हणजे आरएनएची नक्कल करणाऱ्या त्याच्या विकराला चूक तपासायची सोय नाही, त्यामुळे प्रत्येक पिढीत जनुकांची अक्षरं, म्हणजे ती ज्या छोट्या घटकांची बनतात ते, बदलत राहतात. मण्यांची अदलाबदल आणि अक्षरांतल्या चुका, या दोन वाटांनी वैविध्य येतं.

आणि हे काही कुठल्या दूरच्या जंगलात घडलेलं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये १९८० च्या दशकात डॉ. महाराज किशन भान यांच्या गटाला नवजात बाळांच्या कक्षात एक रोटाव्हायरस फिरताना सापडला. बाळांना संसर्ग होता, पण जुलाब नव्हते. आणि ज्या बाळांना तो होऊन गेला त्यांना पुढे तीव्र जुलाबांपासून संरक्षण मिळालेलं दिसलं. त्या वाणाचं नाव ११६ई. प्रकार जी९पी[११]. पी[११] हा गाईगुरांचा. ११ पैकी दहा मणी माणसाच्या विषाणूचे आणि एक गाईच्या! त्याच सुमारास बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेतल्या डॉ. दुर्गा राव यांच्या गटाला नवजात बाळांतच आय३२१ सापडला. तिथे तर उलट प्रमाण, नऊ मणी गाईच्या विषाणूचे आणि दोन माणसाच्या.

११६ई पासूनच पुढे रोटाव्हॅक ही लस झाली. तुमच्या घरी गेल्या काही वर्षांत बाळ झालं असेल तर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना तोंडावाटे रोटाची लस दिली गेली असेल. आपल्याकडे सरकारी लसीकरणात रोटाव्हॅक आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल या दोन लसी दिल्या जातात, आणि दोन्हींत गाईच्या विषाणूची जनुकं आहेत.

मला वाटतं माणसांचे नमुने एका इमारतीत आणि जनावरांचे दुसऱ्या इमारतीत तपासण्याची आपली पद्धत मुळातच चुकीची आहे. इथे गुरं पाळणारे, डॉक्टर, पशुवैद्य बरेच आहेत. तुमचे अनुभव लिहा.

निरेकाठ

ताई, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं चौदा गाई, होल्स्टिन आणि जर्सीच्या संकरित. गेल्या थंडीत आठ दिवसांच्या आतबाहेरची चार वासरं गेली. पिवळी पातळ हगवण, दोन दिवसांत डोळे आत, उठणं बंद. आम्ही जुन्या सवयीनं पांढरी हगवण म्हणून गोळ्या चारत बसलो. त्याच आठवड्यात दीड वर्षाच्या नातवाला ढाळ आणि उलट्या. तो दिवसभर गोठ्यातच असतो, वासराच्या गळ्यात पडतो. त्याला तालुक्याला दोन दिवस सलाईन लावावं लागलं. आता तुम्ही म्हणता ते वाचून वाटतंय, वासराकडून पोराला गेलं का? का पोराकडून वासराला?

मुळाकाठ

निरेकाठ, नातू बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. दोघांचे नमुने त्या वेळी तपासले असते तरच सांगता आलं असतं. एकाच आठवड्यात झालं म्हणून एकाच विषाणूने झालं असं धरता येत नाही, थंडी हा दोघांच्याही रोटाचा हंगाम आहे.

आजवरच्या अभ्यासातून एवढं दिसतं की वासराचा अख्खा विषाणू जसाच्या तसा माणसात आला तर तो बहुधा एखाद्या मुलापाशी थांबतो, घराघरांत पसरत नाही. त्याचे मणी आपल्या पेशींत तितकेसे बसत नाहीत. पण त्या मुलाला त्याच वेळी माणसाचा रोटाही झालेला असला तर अदलाबदलीला जागा मिळते. मग गाईचा एखादा मणी माणसाच्या विषाणूच्या पाठीवर बसून पुढे जातो. जी८, जी६, जी१० असे गुरांचे प्रकार माणसांत वेगवेगळ्या देशांत सापडलेत ते याच वाटेने. २००८ मध्ये सगळे ११ तुकडे वाचून वर्गीकरण सुरू झालं तेव्हा तर आणखी स्पष्ट झालं. माणसांत फिरणाऱ्या विषाणूंची दोन मोठी घराणी आहेत. एकाचं मूळ डुकरांच्या रोटाशी जुळतं, दुसऱ्याचे बरेच तुकडे गाईगुरांच्या रोटाशी. मांजरांशी जुळणारं तिसरं लहान घराणंही आहे. ज्याला आपण "माणसाचा" म्हणतो तो कधीकाळी कोणाच्या तरी गोठ्यातून किंवा डुकरांच्या खोपटातून आलेला आहे.

पशुवैद्य_माण

निरेकाठ, तुमच्या वर्णनावरून वय महत्त्वाचं. जन्मल्यापासून तीन-चार दिवसांत हगवण लागली तर आधी ई. कोलाय या जिवाणूचा संशय घ्यायचा. पाच दिवस ते दोन आठवडे या वयात रोटा. कोरोनाची एक जात आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी हेही याच सुमारास येतात, आणि बऱ्याचदा दोन-तीन एकत्र. पांढरी हगवण म्हणून सरसकट प्रतिजैविक चारल्याने विषाणूला काही होत नाही.

रोटा लहान आतड्याच्या केसाळ अस्तराची टोकं मारतो. दूध पचत नाही, पाणी शोषलं जात नाही, वासरू सुकतं. मरतं ते पाणी आणि क्षार कमी पडून. म्हणून पहिली गोष्ट क्षारपाणी, दिवसातून तीन-चार वेळा. दूध पूर्ण तोडायचं नाही, थोडं थोडं द्यायचं.

दुसरी गोष्ट चीक. आपल्याकडे पहिल्या चिकाचा खरवस घरात आणि शेजारीपाजारी वाटला जातो आणि वासराला उरलेला मिळतो. वासराच्या वजनाच्या दहा टक्के चीक पहिल्या दोन-चार तासांत गेला पाहिजे. २५ किलोचं वासरू असेल तर अडीच लिटर. एका दिवसानंतर आतड्यातून रक्तात प्रतिपिंडं जाण्याची वाट बंद होते. पण रोटाच्या बाबतीत गंमत वेगळी आहे. इथे रक्तातल्या प्रतिपिंडांपेक्षा आतड्याच्या पोकळीत हजर असलेली जास्त कामाची. म्हणून पहिला आठवडा-दहा दिवस रोज दुधात थोडा साठवलेला चीक घालत राहिलं तर फरक पडतो. मी हे चार-पाच गोठ्यांत करून घेतलंय.

भारतातल्या वासरांत जी१०पी[११] वारंवार सापडतो. बंगळुरूच्या बाळांतला आय३२१ सुद्धा जी१०पी[११] च. हा योगायोग नव्हे.

तीन_महिन्यांची_आई

माझ्या मुलीला परवाच तिसरा डोस दिला. आशाताईंनी थेंब पाजले तेव्हा ते काय आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गाईच्या विषाणूची जनुकं म्हटल्यावर थोडं दचकायला झालं. बाळाला काही धोका?

शंकेखोर

माझाही तोच प्रश्न, जरा कडक शब्दांत. जनुकं आपसांत बदलतात असं धाग्यात म्हटलंय. मग जिवंत विषाणूची लस देऊन आपण सरमिसळीला आणखी सामान पुरवत नाही का? आणि माझ्या वाचनात आलंय की या लसीचा परिणाम ५०-६० टक्केच. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप?

बालरुग्ण

मी बालरोगतज्ज्ञ आहे, मराठवाड्यात वीस वर्षं. तीन_महिन्यांची_आई, दचकणं स्वाभाविक आहे, पण गाईच्या विषाणूचा मणी असणं हीच या लसीची जमेची बाजू आहे. गाईचा विषाणू माणसाच्या आतड्यात नीट वाढत नाही, म्हणून तो आजार देत नाही. पण शरीराला ओळख पटण्यापुरता वाढतो. अमेरिकेतली पाच वाणांची लस पेनसिल्वेनियातल्या एका वासरातून मिळालेल्या विषाणूवर बांधली आहे. सीरमची रोटासिल गाईच्या विषाणूच्या यूके नावाच्या वाणावर. त्यात पाच विषाणू, प्रत्येकावर माणसाच्या विषाणूचं बाहेरचं कवच, जी१, जी२, जी३, जी४ आणि जी९ यांचं. निसर्गाने दिल्लीच्या नवजात कक्षात जे आपोआप केलं तेच इथे ठरवून केलंय. ही कल्पना मूळची अमेरिकेतल्या अल्बर्ट कपिकियन यांची.

शंकेखोर, आता आकडे. २०१३ मध्ये जगात पाच वर्षांखालच्या सुमारे २ लाख १५ हजार मुलांचा मृत्यू रोटामुळे झाला असा अंदाज आहे. त्यातले साधारण ४७ हजार भारतातले. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू परिसरात मिळून ६,७९९ बाळांवर रोटाव्हॅकची चाचणी झाली. पहिल्या वर्षात तीव्र जुलाब निम्म्याहून अधिक कमी झाले, ५६ टक्के. रोटासिलची चाचणी आफ्रिकेतल्या नायजरमध्ये झाली, तिथे ६६.७ टक्के, आणि ती लस फ्रीजशिवाय राहू शकते. २०१६ मध्ये चार राज्यांत सुरुवात झाली आणि आज देशभर मोफत मिळते. माझ्या वॉर्डात पूर्वी डिसेंबर-जानेवारीत एका खाटेवर दोन बाळं असायची. शिरा सापडू नयेत इतकी सुकलेली. शंभरातली ५६ वाचली तर ती मला मोजता येतात, कारण त्यांच्या आया माझ्यासमोर उभ्या असायच्या.

धोक्याबद्दलही लपवायचं नाही. माकडाच्या विषाणूवर बांधलेली पहिली लस १९९९ मध्ये अमेरिकेत मागे घ्यावी लागली, कारण आतड्यात आतडं शिरण्याचा प्रकार तिच्यामुळे क्वचित वाढत होता. म्हणूनच नंतरच्या प्रत्येक लसीवर त्या बाजूने बारीक नजर ठेवली गेली. पोट फुगलं, बाळ कळवळून रडतंय, शीतून जेलीसारखं रक्त पडतंय, तर लस झालेली असो वा नसो, लगेच डॉक्टरकडे.

मुळाकाठ

डॉक्टर, मनापासून आभार. शंकेखोर यांचा पहिला प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर "हो, होऊ शकतं" असंच आहे. लसीतले विषाणू बाळाच्या आतड्यात एकमेकांत मणी बदलू शकतात आणि तसं घडलेलं नोंदलंही गेलंय. म्हणूनच लस सुरू झाल्यावर नमुने तपासणं थांबवून चालत नाही, उलट जास्त तपासावे लागतात.

परिणाम गरीब देशांत कमी का, यात मला सगळ्यात सुंदर वाटलेली गोष्ट सांगते. एक लस आहे फक्त माणसाच्या जी१पी[८] वर बेतलेली. युरोपात ती उत्तम चालते, मलावीत तिचा परिणाम ४९ टक्के. कारणं अनेक. कुपोषण, आईकडून आलेली प्रतिपिंडं, त्याच वेळी दिलेले पोलिओचे थेंब. पण एक कारण आपल्याच जनुकांत आहे. पी[८] विषाणू आतड्याच्या पेशीला चिकटतो तो तिथल्या ठरावीक शर्करांना. त्या शर्करा रक्तगटासारख्या वारशाने येतात. आफ्रिकेत बऱ्याच लोकांत त्यातली लुईस नावाची शर्करा नसते. बुर्किना फासोतल्या मुलांत दिसलं की अशा मुलांना पी[८] सहसा होत नाही, पण पी[६] होतो. म्हणजे विषाणूच्या वैविध्यासमोर माणसाचंही वैविध्य उभं आहे आणि दोघं एकमेकांना घडवतायत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. गगनदीप कांग यांच्या गटाने नवजात बाळांतल्या जी१०पी[११] वर वर्षानुवर्षं काम केलं. तो पी[११] ज्या शर्करेला चिकटतो ती नवजात आतड्यात भरपूर असते आणि बाळ मोठं होताना कमी होत जाते. म्हणून तो मुख्यतः नवजात बाळांतच भेटतो. माझ्या जेलवर दिसणाऱ्या त्या केसभर अंतरात एवढं सगळं दडलेलं होतं, आणि आम्ही फक्त रेघा मोजत होतो.

शंकेखोर

उत्तर पटलं. माझ्या बहिणीच्या मुलाचे दोन डोस राहिलेत, तिला आजच फोन करतो.

बालरुग्ण

वय विचारून घ्या आधी. पहिला डोस एक वर्षाच्या आत सुरू झालेला असेल तर पुढचे पूर्ण करता येतात. आरोग्य केंद्रात कार्ड घेऊन जाऊ द्या.

ब्रेमेनकर

जर्मनीतून लिहितोय. इथे कच्च्या डुकराच्या मांसाचा खिमा पावावर लावून खातात. माझ्या ऑफिसातल्या एकाला त्यातून कावीळ झाली, डॉक्टर म्हणाले हिपॅटायटिस ई, डुकराकडून. मला आठवत होतं की आपल्याकडे हिपॅटायटिस ई दूषित पाण्यातून होतो. मग हे दोन वेगळे आजार आहेत का?

मुळाकाठ

ब्रेमेनकर, एकच विषाणू, वेगळे जनुकीय प्रकार. तोही तोंडावाटे आतड्यात शिरतो आणि पुढे यकृतात बस्तान मांडतो. तुमच्याकडचा प्रकार ३, डुकरांत आणि रानडुकरांत असतो, माणसात अर्धकच्च्या मांसातून येतो. आपल्याकडच्या साथींचा प्रकार १, तो फक्त माणसांत फिरतो, मैल्याचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचा पूर ओसरल्यावर कावीळीची साथ आली, जवळजवळ २९ हजार रुग्ण. जपून ठेवलेल्या रक्तावरून पुढे कित्येक वर्षांनी कळलं की ती हिपॅटायटिस ईची होती. आपल्या इचलकरंजीत २०१२ मध्ये आलेली साथही त्याचीच. गरोदर बाईला हा आजार फार वाईट, शेवटच्या तीन महिन्यांत तर पाचातली एक दगावू शकते.

पण खरी विचार करायला लावणारी गोष्ट पुण्याचीच. राष्ट्रीय विषाणू संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले यांच्या गटाने पश्चिम भारतातली माणसं आणि डुकरं दोन्ही तपासली, २००२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. डुकरांत विषाणू भरपूर होता. पण तो प्रकार ४ निघाला, आणि माणसांतला प्रकार १. तीच वस्ती, तीच गटारं, तरी दोन विषाणू आपापल्या वाटेने चाललेले. रोटाच्या गोष्टीवरून कोणी "जनावरांपासून सगळं येतं" असा निष्कर्ष काढू नये म्हणून हे मुद्दाम लिहितेय. दर विषाणूचा हिशेब वेगळा, आणि तो दोन्हीकडचे नमुने पाहिल्याशिवाय कळत नाही. डुकरांना आधीच दोषी ठरवलं असतं तर जलवाहिनी फुटलीय हे पाहायचं राहून गेलं असतं.

वाघ्याची_मालकीण

अवांतर वाटलं तर क्षमस्व. आमचं पिल्लू दोन महिन्यांचं असताना पार्व्होने गेलं. रक्ती हगवण, तीन दिवस. तोही आतड्याचाच विषाणू ना? तो माणसाला होतो का?

पशुवैद्य_माण

अवांतर मुळीच नाही. कुत्र्याचा पार्व्हो माणसाला होत नाही, निश्चिंत राहा. पण त्याची गोष्ट या धाग्यात बसते. १९७८ पूर्वी हा आजार कोणाला माहीत नव्हता. मांजरांच्या एका जुन्या पार्व्होचा कोणी भाऊबंद, कवचातली मोजकी अक्षरं बदलली आणि कुत्र्याच्या पेशीचं कुलूप त्याला उघडता आलं. दोन वर्षांत जगभर गेला. पहिल्या रूपात तो मांजरांना होत नव्हता, पुढच्या रूपांना मांजरंही पुन्हा जमू लागली. इथे मण्यांची अदलाबदल नाही, नुसती अक्षरं बदलली. पुढचं पिल्लू आणाल तेव्हा लसीचे सगळे डोस होईपर्यंत त्याला जुन्या जागेत ठेवू नका, मातीत तो अनेक महिने टिकतो.

सांकेतिक

मी जनुकीय माहितीच्या संगणकीय विश्लेषणात पीएचडी करतोय. सगळे आजार देणाऱ्या विषाणूंबद्दल बोलतायत, पण आतड्यातले बहुतेक विषाणू आपल्याला हातही लावत नाहीत. ते आपल्या आतड्यातल्या जिवाणूंना खातात. आणि त्यांच्यातलं वैविध्य आपण नुकतं कुठे पाहायला लागलोय. २०१४ मध्ये काही संशोधकांनी बारा जणांच्या शीतल्या डीएनएचे सुटे तुकडे संगणकावर एकत्र जुळवले आणि सुमारे ९७ हजार अक्षरांचा एक संपूर्ण विषाणू समोर आला. कोणी तो कधी पाहिला नव्हता, वाढवला नव्हता. मग जुन्या माहितीत शोधलं तर जगातल्या निम्म्याअधिक लोकांत तो होता! ज्या संगणक प्रणालीने जुळवणी झाली तिच्यावरून नाव पडलं, क्रासफाज. त्याच्या कुळातला एक विषाणू २०१८ मध्ये आयर्लंडच्या कॉर्कमध्ये पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवला गेला. पुढे जंगली वानरांच्या विष्ठेतही त्याचे चुलते सापडले. म्हणजे माणूस आणि वानर वेगळे होण्याच्या आधीपासून हे बिऱ्हाड आपल्या पोटात असावं.

मुळाकाठ ताई, तुमच्या काळात जेलवर ज्या नमुन्यांत ११ रेघा दिसायच्या नाहीत, त्यांचं काय व्हायचं?

मुळाकाठ

सांकेतिक, हा प्रश्न मला लागला. नोंदवहीत "नकारात्मक" लिहायचे आणि नमुना ठरावीक दिवसांनी नष्ट व्हायचा. दहातले सहा-सात तसेच असत. त्यात नोरोव्हायरस, अॅस्ट्रो असे जुलाबांचे दुसरे विषाणू असतील, तुझे क्रासफाज तर असणारच. क्वचित रेघा असत पण क्रम वेगळा, ४-२-२-३, म्हणजे रोटाचाच पण ब गट, मोठ्या माणसांना ढाळ लावणारा. तो ओळखायला आमच्या बाईंनी शिकवलं. नवीन आलेल्या मुलीला तर ती रांग बिघडलेला जेल वाटली असती.

पुढे यंत्रं आली, सगळे ११ तुकडे अक्षरनअक्षर वाचता यायला लागले. पण ज्या वासरांचा तो जेल होता त्यांचे नमुने तेव्हा कोणी जपले नाहीत. बाळांचे जपले होते, शीतपेटीत. जनावरांच्या नमुन्यांना शीतपेटीत जागा मिळत नाही असं सांगितलं गेलं. बाईंनी पत्रंही लिहिली होती. उत्तर आलं नाही. आज ते असते तर त्या सालच्या गोठ्यातला कुठला मणी पुढे कुठे गेला हे तुझ्यासारख्या मुलाने आठवड्याभरात शोधलं असतं.

परळचं_पाणी

एक लहानशी भर. नमुना म्हणजे दरवेळी रुग्णच लागतो असं नाही. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने घेऊन पोलिओचा विषाणू शोधला जातो. भारतातला शेवटचा जंगली (म्हणजे लसीतून न आलेल्या) पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याचा. तरी सांडपाणी तपासणं सुरूच आहे, कारण तोंडावाटे दिलेल्या लसीतला विषाणूसुद्धा आतड्यात राहून अक्षरं बदलतो, आणि किती अक्षरं बदलली यावरून तो किती काळ फिरतोय याचा अंदाज येतो. गोठ्यांच्या सांडपाण्यालाही असं कोणी करायला हवं.

निरेकाठ

परवा आमच्या कपिलाला कालवड झाली. खरवस या वेळी नाही म्हणून घरात सांगितलं. म्हातारीनं तोंड वाकडं केलं, पण अडीच लिटर चीक दीड तासात पाजला, उरलेला बाटल्यांत भरून डीप फ्रीजला ठेवलाय. नव्या वासराला जुन्यांपासून वेगळं बांधलंय, चुना मारून. नातवाला गोठ्यातून आल्यावर साबणानं हात धुवायला लावतोय, तो साबणाचेच फुगे करतो.

आज मात्र शेजारच्या गोठ्यातल्या नऊ दिवसांच्या वासराला पिवळी हगवण सुरू झालीय. आणि त्याच घरात सात महिन्यांचं लेकरू आहे, त्यालाही कालपासून ढाळ. लेकराला ओआरएस आणि झिंक सुरू आहे, डॉक्टरकडं नेलंय. मला एवढंच सांगा, नमुना कसा घ्यायचा?

मुळाकाठ

लगेच घ्या, पहिल्या चार दिवसांत विषाणू सर्वांत जास्त असतो. झाकण घट्ट बसणाऱ्या दोन स्वच्छ प्लास्टिकच्या डब्या. वासराची हगवण जमिनीवरची नको, हातमोजा घालून थेट डबीत धरा. बाळाच्या लंगोटातली शी प्लास्टिकच्या चमच्याने, लघवी न मिसळता. दोन चमचे पुरे. फॉर्मालिन किंवा डेटॉल काहीही घालू नका. डबीवर पेन्सिलीने तारीख, वय, बाळ की वासरू एवढंच. नाव नको. दोन्ही डब्या वेगवेगळ्या पिशवीत घालून बर्फाच्या डब्यात ठेवा.

बाळाचा नमुना त्याच्या डॉक्टरांमार्फतच आणि आईवडिलांना विचारून. वासराचा पशुवैद्य_माण यांच्याकडे द्या. मी दोघांनाही निरोप पाठवलाय.

पशुवैद्य_माण

निरोप मिळाला. उद्या सकाळी आठला निरेच्या पुलावर या, मी तिथून पुण्याला जाणार आहे. माझ्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेला विचारून ठेवलंय. डॉक्टरांनी परवानगी दिली तर बाळाची डबीही त्याच बर्फात नेतो. दोन्ही एकत्र लावायला सांगितलंय.

निरेकाठ

येतो. बर्फ आत्ताच आणून ठेवलाय.